पायांच्या धमन्यांत चुनखडी, हृदय मात्र मोकळे: सीडी७३ नसलेल्या पाच भावंडांचे प्रकरण

एका घरातली पाच सख्खी भावंडे, सगळी मध्यमवयीन. थोडे चालले की पायांत गोळे येतात, थांबले की काही मिनिटांत ओसरतात. हातापायांच्या बोटांचे सांधेही दुखतात. एक्स-रे काढला तर मांडीपासून पोटरीपर्यंतच्या धमन्या, एरवी त्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध न टोचताच, खडूने रेखाटल्यासारख्या पांढऱ्या दिसतात. बोटांच्या सांध्यांभोवतीही तशाच पांढऱ्या गाठी. हृदयाच्या धमन्या मात्र जवळपास स्वच्छ. आईवडिलांना यातले काहीच नाही. आईवडील आपसांत दूरच्या नात्यातले.

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या ‘निदान न झालेले आजार’ या कार्यक्रमात हे कुटुंब तपासले गेले. सिंथिया सेंट हिलेर, विल्यम गाल, मॅनफ्रेड बोम आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या फेब्रुवारीत ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडले. नंतर या आजाराला एसीडीसी हे नाव पडले: सीडी७३ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या विकराच्या अभावामुळे होणारे धमन्यांचे कॅल्सीकरण. प्युरिनर्जिक विकरांचा (म्हणजे एटीपी हा पेशीचा ऊर्जा-रेणू आणि त्याच्या तुकड्यांवर पेशीबाहेर काम करणाऱ्या एन्झाइमांचा) जुनाट आजारांशी काय संबंध, यावर ढीगभर मजकूर सापडतो. त्यातला बराचसा ‘अमुक विकर वाढले, तमुक घटले’ इथेच थांबतो. या कुटुंबात एकच विकर पूर्ण गैरहजर आहे, म्हणून कारण आणि परिणाम यांची सरमिसळ होत नाही. जुनाट झीज समजून घ्यायला असे प्रकरण फार सोयीचे.

पहिली चूक पायातच होते

अशा रुग्णाचे पहिले निदान बहुधा ‘धूम्रपान, मधुमेह किंवा कोलेस्टेरॉलमुळे पायाच्या धमन्या अरुंद’ असे होते, आणि बोटांच्या दुखण्यावर ‘संधिवात’ असा शिक्का बसतो. दोन्ही निदाने वेगवेगळ्या विभागांत होतात, त्यामुळे दोन्ही एक्स-रे एका टेबलावर येतच नाहीत. इथे खूण आहे ती या जोडीतच. सांध्यातले कॅल्शियम कूर्चेत नसून सांध्याभोवतालच्या आवरणात असते, त्यामुळे सांध्याची फट शाबूत दिसते. आमवातात फट कमी होते, हाडाच्या कडा कुरतडल्या जातात. रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस, मूत्रपिंडाचे काम हे सगळे ठीक असताना इतके कॅल्शियम साचले असेल, तर दोष रक्तात नसून भिंतीत शोधायला हवा.

घोटा-दंड दाबाचे गुणोत्तर, म्हणजे एबीआय, नीट वाचावे लागते. रुग्णाला दहा मिनिटे आडवे झोपवायचे, दोन्ही दंडांचा वरचा दाब डॉप्लरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने) घ्यायचा, मग घोट्याशी पुढची आणि मागची अशा दोन्ही धमन्यांचा. घोट्याचा जास्तीचा आकडा भागिले दंडाचा जास्तीचा आकडा. दंडाला १३०, घोट्याला ९१ आले तर ०.७०, ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे अडथळा. पण भिंतीत कॅल्शियम असले की धमनी पट्ट्याने दबतच नाही. पट्टा २०० पर्यंत फुगवला तरी डॉप्लरचा आवाज चालूच राहतो आणि गुणोत्तर १.४ च्या वर जाते. काही वेळा घात याहून बेमालूम असतो. आत अडथळा आहे म्हणून आकडा उतरतो, भिंत कडक आहे म्हणून चढतो, आणि दोन चुका मिळून १.०५ असा निरागस आकडा येतो. म्हणून अंगठ्याचा दाब वेगळा घ्यावा. बोटांच्या बारीक धमन्या सहसा दबण्याजोग्या राहतात. अंगठा-दंड गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर घोट्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

जनुकापर्यंतची वाट

पाच आजारी भावंडे, निरोगी आईवडील आणि त्यांचे दूरचे नाते, म्हणजे अप्रभावी वारसा (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार) हा पहिला अंदाज. अशा घरात गुणसूत्राचा असा तुकडा शोधायचा, जो सर्व आजारी भावंडांत दोन्ही बाजूंनी सारखा आहे आणि आईवडिलांत एकेरी. असा पट्टा सहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर सापडला. त्यातल्या जनुकांपैकी एनटी५ई हे सीडी७३ बनवणारे जनुक. पाचही भावंडांत त्याच्या दोन्ही प्रतींत ६६२ व्या जागी सी या डीएनए-अक्षराऐवजी ए होता, आणि २२१ व्या अमिनो आम्लाच्या जागी थांबण्याची खूण आली होती. पूर्ण प्रथिन ५७४ अमिनो आम्लांचे. इथे ते निम्म्याच्याही आत तुटते.

त्याच लेखात आणखी दोन कुटुंबे आहेत. एकात ३५८ व्या सिस्टीनच्या जागी टायरोसीन. दुसऱ्यात एका प्रतीत तोच २२१ चा दोष आणि दुसऱ्या प्रतीत १६०९ व्या जागी एक ए जास्त, ज्यामुळे ५३७ पासून पुढचे वाचन घसरते. हा शेवटचा दोष बारकाईने पाहण्यासारखा आहे. सीडी७३ पेशीच्या पृष्ठभागाला ५४९ व्या सेरीनवर जोडलेल्या मेदयुक्त दोरीने, म्हणजे जीपीआयने, बांधलेले असते. ५३७ ला वाचन घसरले म्हणजे विकराचा बहुतेक भाग तयार होऊनही दोरी बांधायची जागाच उरत नाही. जनुक-अहवालात ‘प्रथिनाच्या शेवटचा किरकोळ बदल’ असे वाटून तो बाजूला पडू शकतो.

तपासणी मागवताना एनटी५ईचे नऊही एक्सॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले जनुकाचे तुकडे) आणि त्यांच्या कडा वाचायला सांगाव्यात. वाचनात एकच दोष सापडला तर दुसऱ्या प्रतीतला मोठा तुकडाच गळाला आहे का, हे प्रतींची संख्या मोजून पाहावे. साध्या वाचनात गळालेला तुकडा दिसत नाही, उरलेली प्रत निर्धास्तपणे वाचली जाते. सोबत एबीसीसी६ आणि ईएनपीपी१ ही जनुकेही बघावीत, कारण तिन्ही एकाच साखळीत आहेत. एबीसीसी६च्या दोषात मानेची त्वचा आणि डोळ्याचा पडदा बिघडतो. ईएनपीपी१च्या दोषात बहुधा अगदी तान्हेपणीच धमन्या कडक होतात.

साखळी

पेशीतून बाहेर आलेल्या एटीपीपुढे दोन वाटा असतात. सीडी३९ हे विकर त्याचे एकेक फॉस्फेट तोडत एएमपी (एकच फॉस्फेट उरलेला तुकडा) बनवते. ईएनपीपी१ मात्र एकाच घावात एएमपी आणि पायरोफॉस्फेट असे दोन तुकडे करते. हे पायरोफॉस्फेट म्हणजे दोन फॉस्फेटांची जोडी. कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकाला चिकटून ते त्याची वाढ अडवते. मऊ ऊतींचे चुन्यापासून रक्षण मुख्यतः तेच करते. दोन्ही वाटांनी तयार झालेल्या एएमपीचे उरलेले फॉस्फेट काढून सीडी७३ ॲडेनोसीन करते. आणि टीएनएपी हे अल्कलाइन फॉस्फटेज पायरोफॉस्फेट फोडून दोन सुटी फॉस्फेट मोकळी करते. एकाच वेळी राखणदार संपतो आणि चुन्याचा कच्चा माल वाढतो.

आता सीडी७३ काढून टाका. ॲडेनोसीन कमी पडते. एरवी ॲडेनोसीन टीएनएपीला लगाम घालते. तो सुटला की टीएनएपी वाढते, पायरोफॉस्फेट संपते आणि धमनीच्या भिंतीत चुना धरतो. २०११ च्या लेखातली ही मांडणी. त्याच गटाच्या पुढच्या कामात, २०१६ मध्ये, याला आणखी एक पदर जोडला गेला. टीएनएपी एएमपीही फोडू शकते. म्हणजे वाढलेली टीएनएपी ॲडेनोसीनची तूट स्वतःच भरून काढू पाहते. बदली कामगार मुख्य काम कसेबसे उरकतो, पण त्याच्या हातून पायरोफॉस्फेटचा साठा फुटतो. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. प्युरिनर्जिक विकर बिघडले की फक्त त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहून चालत नाही. त्या जागी कोण येऊन बसले आणि येताना काय सांडले, हे पाहावे लागते.

उंदरात ही गोष्ट नीट उतरत नाही, तीही याच कारणाने. सीडी७३ नसलेल्या उंदरांच्या धमन्या या रुग्णांसारख्या चुनखडत नाहीत. एएमपी फोडण्याची वाटणी प्रजातीगणिक वेगळी असते. म्हणून रुग्णांच्याच त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणाऱ्या) पेशी वाढवून काम करावे लागले.

पेशींवरची मोजणी, आणि ती कुठे फसते

तत्त्व साधे आहे: पेशींना एएमपी द्या, सुटलेले फॉस्फेट मॅलाकाइट ग्रीनने (फॉस्फेट असेल तसा रंग देणाऱ्या रसायनाने) मोजा. चुका होतात त्या तपशिलात.

पेशी २४ कप्प्यांच्या ताटलीत चिकटलेल्याच ठेवाव्यात. ट्रिप्सिनने सोडवल्या तर पृष्ठभागावरची प्रथिने कापली जातात. ईडीटीएने सोडवल्या तर त्याहून वाईट, कारण सीडी७३ आणि टीएनएपी दोघांनाही जस्त लागते आणि ईडीटीए तेच पळवते. द्रावण असे: सोडियम क्लोराइड १२० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ५, मॅग्नेशियम क्लोराइड २, ग्लुकोज १०, हेपीज २०, पीएच ७.४. त्यात एएमपी २ मिलिमोलर. प्रत्येक कप्प्यात २०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर १० मिनिटे. मग द्रव उचलून ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात टाकायचा, शेवटची तीव्रता ५ टक्के येईल इतका, आणि लगेच बर्फात.

सगळ्यात जास्त पाणी फिरते ते धुण्यात. पेशी धुवायला हात सवयीने पीबीएसकडे, म्हणजे फॉस्फेटयुक्त खाऱ्या द्रावणाकडे, जातो. पीबीएसमध्ये सुमारे १० मिलिमोलर फॉस्फेट असते. कप्प्याच्या तळाशी २० मायक्रोलिटर जरी उरले तरी ते २०० नॅनोमोल फॉस्फेट झाले. इकडे २०० मायक्रोलिटरमध्ये एकूण एएमपी ४०० नॅनोमोल, आणि मोजणी सरळ रेषेत राहावी म्हणून त्यातले १० टक्के, म्हणजे ४० नॅनोमोलच, फुटू द्यायचे असते. खऱ्या खुणेच्या पाचपट भेसळ! निरोगी आणि आजारी पेशी अशा वेळी हुबेहूब सारख्या दिसतात. धुणे तीन वेळा, एएमपी नसलेल्या वरच्याच द्रावणाने. काचेची भांडी शक्यतो टाळावीत. साबणातले फॉस्फेट त्यांना चिकटून बसते.

४० नॅनोमोल २०० मायक्रोलिटरमध्ये म्हणजे २०० मायक्रोमोलर. मॅलाकाइट ग्रीनची रेषा काही दहा मायक्रोमोलरपर्यंतच सरळ असते, तेव्हा दहापट पातळ करून २० वर आणावे आणि ६२० ते ६५० नॅनोमीटरला वाचावे. प्रमाण द्रावणांतही तेवढेच आम्ल घालावे, नाहीतर रंगाची चढण बदलते. विकतच्या एएमपीत थोडे सुटे फॉस्फेट असतेच. अर्धा टक्का धरले तरी २ मिलिमोलरमध्ये १० मायक्रोमोलर. म्हणून एक कप्पा पेशींविना, आणि एक पेशींसह पण सुरुवातीलाच आम्ल घातलेला. शेवटी भागाकार प्रथिनाने: ४० नॅनोमोल, १० मिनिटे, कप्प्यात ०.०५ मिलिग्रॅम प्रथिन, म्हणजे मिनिटाला दर मिलिग्रॅममागे ८० नॅनोमोल.

पण हा आकडा सीडी७३ चा आहे असे अजून म्हणता येत नाही. तो ‘एएमपी फोडणाऱ्या सर्वांचा’ आहे. म्हणून चार कप्पे लावायचे: नुसते एएमपी, सोबत एपीसीपी १०० मायक्रोमोलर, जे सीडी७३ अडवते, सोबत लेव्हामिसोल १ मिलिमोलर, जे टीएनएपी अडवते, आणि दोन्ही. समजा निरोगी पेशीत अनुक्रमे ४०, ४, ३७, १ आले आणि रुग्णाच्या पेशीत ९, ९, २, २ (हे आकडे वाचण्याची रीत दाखवण्यापुरते). निरोगी पेशीत एपीसीपीने तळ गाठला, म्हणजे काम सीडी७३ करत होते. रुग्णाच्या पेशीत एपीसीपीने ढिम्म फरक नाही आणि लेव्हामिसोलने घसरण, म्हणजे जे थोडे काम चालले आहे ते बदली कामगाराचे. याच पेशी कॅल्शियम साचवणाऱ्या माध्यमात काही दिवस ठेवून मोजल्या तर टीएनएपी इतकी वाढलेली असू शकते की पहिला कप्पा जवळजवळ निरोगी दिसेल. फक्त पहिला कप्पा लावणारा ‘सीडी७३ शाबूत’ असे लिहून मोकळा होतो. एपीसीपीशिवाय दिलेला सीडी७३ चा आकडा मी तरी ग्राह्य धरणार नाही.

फ्लो सायटोमेट्रीने (चमकत्या प्रतिपिंडांनी एकेका पेशीवरचे प्रथिन पाहण्याच्या पद्धतीने) रक्तातल्या पेशींवर सीडी७३ पाहता येते, पण लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर सरसकट नव्हे. त्यांच्यातल्या बी पेशींवर ते भरपूर असते, सीडी८ पेशींच्या काही भागावर असते, सीडी४ पेशींवर थोडक्यांवर. बी पेशी वेगळ्या काढून बघावे आणि निरोगी नमुना त्याच दिवशी सोबत चालवावा. इथे रक्त घ्यायला ईडीटीएची नळी चालते, कारण विकराचे काम नाही तर फक्त त्याची हजेरी घ्यायची असते. उलटही ध्यानात ठेवावे: ३५८ च्या दोषासारखे प्रथिन प्रतिपिंडाला दिसूनही निकामी असू शकते. हजेरी लागली म्हणजे काम झाले असे नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतल्या अल्कलाइन फॉस्फटेजवरूनही काही ठरवू नये. तो आकडा मुख्यतः यकृत आणि हाडांचा असतो, धमनीच्या भिंतीत काय चालले आहे ते त्यात उमटत नाही.

चुना धरतो हे सिद्ध करताना

पेशींना बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असलेले माध्यम देऊन सुमारे तीन आठवडे वाढवतात आणि अलिझारिन रेडने रंगवतात. कॅल्शियम असेल तिथे विटकरी लाल डाग. रुग्णांच्या पेशींत असे डाग आले. पेशींत विषाणूच्या वाहकाने निरोगी सीडी७३ घातले की टीएनएपी आणि डाग दोन्ही उतरले. बाहेरून ॲडेनोसीन दिले तरी उतरले. लेव्हामिसोलनेही डाग रोखले. साखळीच्या तीन वेगवेगळ्या कड्यांवर हात ठेवून तिन्ही वेळा तेच उत्तर मिळाले, म्हणून ही मांडणी भक्कम वाटते.

हा प्रयोग पुन्हा करणाऱ्याला दोन खड्डे लागतात. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हे स्वतःच टीएनएपीचे खाद्य आहे. टीएनएपी जास्त तिथे फॉस्फेट जास्त सुटणार आणि चुना पडणारच, पायरोफॉस्फेटचा संबंध असो वा नसो. १० मिलिमोलरला तर पेशी मरूनही डाग येतात. तेव्हा एक ताटली सुट्या फॉस्फेटवर, २ ते ३ मिलिमोलर, समांतर चालवावी आणि मेलेल्या पेशी मोजाव्यात. दुसरा खड्डा ॲडेनोसीनचा. वासराच्या सीरममध्ये ॲडेनोसीन डिअमिनेज असते; ते दिलेल्या ॲडेनोसीनचे इनोसीन करून टाकते. तीन दिवसांतून एकदा माध्यम बदलताना ॲडेनोसीन घातले आणि ‘काही परिणाम नाही’ असे दिसले, तर पेशींना ते फार थोडा वेळच मिळाले होते. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून घेतले तरी पूर्ण भरवसा ठेवू नये, ॲडेनोसीन रोज ताजे घालावे.

रुग्णाच्या हाती काय पडते

ॲडेनोसीनची तूट आहे तर ॲडेनोसीन द्यावे, हा पहिला विचार. रक्तात ते काही सेकंदच टिकते आणि हृदयाचे ठोके अडवते. वर्षानुवर्षे द्यायचे औषध ते नाही. लेव्हामिसोल माणसात पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. उरते ती साखळीची शेवटची कडी, पायरोफॉस्फेट. एटिड्रोनेट हे त्याचेच भावंड: दोन फॉस्फरसांमधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन, त्यामुळे टीएनएपीला ते फोडता येत नाही.

नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये सात प्रौढ रुग्णांना ते दर तीन महिन्यांनी १४ दिवस, असे तीन वर्षे देण्यात आले. तुलनेचा गट नव्हता. औषध सोसले आणि सीटीवर मोजलेले पायांच्या धमन्यांतले कॅल्शियम पुढे सरकणे थांबल्यासारखे दिसले. सात जणांवरून, तेही तुलनेविना, याहून मोठे विधान करू नये. आधी साचलेला चुना विरघळेल अशी आशा तर रुग्णाला दाखवूच नये.

१४ दिवस घेऊन थांबायचे कारण हाडांत आहे. एटिड्रोनेट मोठ्या मात्रेत सलग दिले तर जिथे चुना हवा तिथेही, म्हणजे नव्या हाडातही, तो धरू देत नाही आणि हाड मऊ पडते. गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. आधी आणि नंतर दोन तास दूध, कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताची औषधे नाहीत, कारण पोटातच कॅल्शियमशी जोडी जमली की औषध शोषले जात नाही. मुळातही फार थोडे शोषले जाते. सुरू करण्यापूर्वी ड जीवनसत्त्व भरून घ्यावे, मूत्रपिंडाचे काम आणि दातांची अवस्था पाहावी.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर चिमटा कुठे लावायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. कडक नळीला चिमटा लावला की ती दबण्याऐवजी तडकते. सीटीवर भिंतीचा मऊ तुकडा आधीच हेरून ठेवावा. फुग्याने रुंद करतानाही भिंत फाटू शकते. चालण्याचा व्यायाम, तंबाखू बंद, पायांच्या जखमांवर लक्ष या गोष्टी इतर रुग्णांसारख्याच.

एक गोष्ट मात्र या पाच भावंडांपलीकडे जाते. कर्करोगाच्या गाठी सीडी७३ वापरून ॲडेनोसीनचा पडदा उभा करतात आणि त्याआड प्रतिकार-पेशींपासून लपतात, म्हणून सीडी७३ बंद करणारी औषधे रुग्णांवर तपासली जात आहेत. या कुटुंबात ते विकर जन्मापासून बंद होते आणि पायांची तक्रार यायला काही दशके लागली. काही महिन्यांच्या उपचारात धमन्या चुनखडतील असा अर्थ यातून निघत नाही. पण ज्याच्या मूत्रपिंडाच्या किंवा मधुमेहाच्या आजारामुळे धमन्यांच्या भिंतीत टीएनएपी आधीच चढलेली आहे, अशा माणसाला हे औषध वर्षभर द्यायचे असेल, तर सुरुवातीला पायांचा एक साधा सीटी आणि अंगठ्याचा दाब नोंदवून ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत.